थॉम्पसनची वेल जोमात, पण घड मोजकेच आणि आंबट

प्रश्न – परसबाग३
मांडवावर थॉम्पसन सीडलेसची तीन वर्षांची वेल आहे. पानं इतकी गच्च की खाली ऊन पडत नाही. शेणखत आणि थोडा युरिया दर महिन्याला देतो. छाटणीत सगळ्या काड्या दोन डोळ्यांवर (म्हणजे बुडाशी दोनच अंकुर ठेवून) कापतो. घड फारच कमी लागतात आणि पिकूनही आंबट राहतात. चुकतं कुठे?

ओलांडा
दोन डोळ्यांवरची छाटणी हेच मुख्य कारण. थॉम्पसनच्या बुडाकडच्या डोळ्यांत घड नसतो, तो साधारण पाचव्या ते आठव्या डोळ्यात असतो. म्हणजे घडाचे डोळे तुम्हीच कापून टाकता. काही जाती दोन डोळ्यांवरही फळतात, थॉम्पसन त्यातली नाही.

उष्ण हवेत वेल विश्रांती घेत नाही, म्हणून छाटण्या दोन. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी: ओलांड्यावर, म्हणजे मांडवावरच्या आडव्या जाड फांदीवर, प्रत्येक काडीचा एकेक डोळा ठेवून बाकी काढा. त्यातून फुटलेल्या काड्या पक्व होऊन तपकिरी झाल्या, की पावसाळ्यानंतर फळछाटणी 6 ते 8 डोळ्यांवर. थंड प्रदेशात पानगळीनंतर एकदाच छाटतात: 8-10 डोळ्यांच्या चार काड्या फळासाठी आणि प्रत्येकीच्या बुडाशी दोन डोळ्यांचा एक खुंटा पुढच्या वर्षीच्या काडीसाठी. काडी पेन्सिलीएवढी जाड निवडा.

आता गच्च पानांचं. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात घड तयार होतो आणि त्या काळात काडीवर ऊन पडायलाच हवं. सावलीतला डोळा वांझ निघतो. बगलफुटी (पानांच्या बगलेतून निघणाऱ्या कोवळ्या फांद्या) काढा, गर्दीतल्या फुटी विरळ करा आणि युरिया थांबवा.

मणी_गोडी
वरचं पटलं. आंबटपणाबद्दल माझं: द्राक्ष तोडल्यावर अजिबात गोड होत नाही. घडाच्या शेंड्याचा मणी सर्वांत शेवटी पिकतो, तो चाखा. तो गोड लागला तरच तोडा.

घड जास्त ठेवण्याचा मोह आवरा. एका फुटीवर एकच घड, त्यामागे 12 ते 15 निरोगी पानं. बारीक फुटीवरचा घड काढूनच टाका. मणी ज्वारीएवढे असताना घडाचा खालचा तिसरा भाग आणि आतले दाटलेले मणी कात्रीने काढले, की उरलेले नीट भरतात. विकतच्या घडासारखे लांब मणी मात्र अपेक्षू नका. ते जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या संजीवकामुळे येतात, घरी त्याची गरज नाही.

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, वेलीचं पाणी हळूहळू कमी करा. बंद करू नका: कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळालं की मणी तडकतात.

परसबाग३
धन्यवाद. तडकलेल्या मण्यांवर पांढरट पावडरही होती. पाण्यामुळेच का?

ओलांडा
नाही, ती भुरी, म्हणजे एक बुरशीचा रोग. भुरीने साल ताठर होते, मणी फुगला की ती ताणत नाही आणि फाटते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, फुलोऱ्याआधी आणि मणी धरल्यावर, सकाळी फवारा. पारा 35 अंशांच्या वर असेल तर फवारू नका, पानं करपतात. पाणी उतरल्यावर गंधक बंद. घडाभोवतीची दोन-तीन पानं काढून हवा खेळती ठेवा, पण दुपारचं ऊन थेट घडावर येणारी बाजू झाकलेलीच राहू द्या.