सीडी नंबर ८७: घरच्या सीडी उतरवतानाचे अनुभव

रामबागेतली

गेल्या रविवारी भावाने नवी गाडी आणली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. इंदूरच्या खजराणा गणपतीला न्यायची म्हणून सगळे आत बसलो आणि आईने पर्समधून एक सीडी काढून पुढे केली, "ही लाव रे." भावाने डॅशबोर्ड वरपासून खालपर्यंत चाचपला. सीडी घालायला फटच नाही! "आई, आता पेनड्राइव्ह लागतो." आईने सीडी परत पर्समध्ये ठेवली आणि गणपती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. कसली सीडी होती विचारलं तर म्हणे, "लावली असती तर कळलं असतं."

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक खाली काढली. नाना २००१ मध्ये व्हीआरएस घेऊन बँकेतून बाहेर पडले आणि त्या पैशातून घरात पहिला कॉम्प्युटर आला, सीडी राइटरसकट. मग पुढची कित्येक वर्षं त्यांची तीच नोकरी. घरातल्या कॅसेटी उतरवायच्या, लोकांच्या सीडी मागून आणायच्या, कॉपी करायच्या. जेल रोडवरून पन्नास ब्लँक सीडींचा डबा यायचा. "सीडीवर लिहायचं नाही, खराब होते" हा दंडक. मधल्या पारदर्शक कड्यावर बारीक मार्करने फक्त आकडा. बाकी सगळं एका लांबड्या वहीत, बँकेच्या लेजरसारखं: नंबर, गाणारा, राग, मिनिटं, कोणाकडून आणली, परत केली का.

तर २१४ सीडी आहेत आणि वही नाही. २०१९ मध्ये रंग काढला तेव्हा रद्दीत गेली आणि ती रद्दी मीच दिली. घरात अजून कोणाला बोलले नाहीये. आईच्या पर्समधली ८७ नंबरची.

घरात एकाही लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. तुम्ही घरच्या सीडी कॉम्प्युटरवर कशा उतरवल्या, नावं कशी घातली, काय घोळ झाले, सगळं लिहा. नाना नाहीत आता. सांत्वन नको, युक्त्या द्या.

भुट्ट्याचा कीस

रद्दीचं इथे कबूल केलंत, आणि भाऊ वाचत असला तर? :)

कॉलेजात असताना मी तासाभरात चाळीस सीडी कॉपी केल्या म्हणून घरभर मिरवलो होतो. बाबा इतके खूश की खऱ्या सीडी मोठ्या मनाने मावशीला देऊन टाकल्या. रात्री लावायला गेलो तर काही वाजेना. फोल्डरभर 'ट्रॅक ०१ डॉट सीडीए', 'ट्रॅक ०२ डॉट सीडीए', प्रत्येकी एक केबी. त्या फायलींत गाणं नसतंच, ते सीडीवर कुठे सुरू होतं एवढा पत्ता असतो. म्हणजे चाळीस घरांचे पत्ते माझ्याकडे आणि घरं मावशीकडे. मावशी भोपाळला.

सराफा रात्री ११

+१. आपण एकाच शाळेतले भिया.

बिट रेट

नानांचा दंडक बरोबर होता. आपल्याला वाटतं चकचकीत बाजू नाजूक. खरं तर गाणं असतं छापील बाजूच्या लगेच खाली, वर फक्त वार्निशचा पातळ थर. खालून वाचायच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक. त्यामुळे खालचा ओरखडा बऱ्याचदा निभावतो, वरचा गाणंच खरवडतो. बॉलपेनने दाबून नावं लिहिलेल्या सीडी मी पाहिल्यात, नाव वाचता येतं, गाणं नाही.

आधी घरी राइट केलेल्या उतरवा, कंपनीच्या नंतर. घरच्या सीडीत गाणं रंगाच्या थरावर जाळलेलं असतं, तो रंग उन्हाने आणि वयाने उडतो. कंपनीच्या सीडीत साच्यातून उठवलेले खड्डे असतात, त्या दम धरतात. पुसायची झाली तर मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. वाचायचा वेग कमी ठेवा. फ्लॅकमध्ये करा, म्हणजे आवाज जराही न घालवता फाईल लहान होते: तासाभराची सीडी मुळात ६०० एमबीच्या वर भरते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी. २१४ म्हणजे ६०-७० जीबी, आजकाल काहीच नाही. १२८ च्या एमपी३ करू नका, तंबोरा पाण्यात बुडवल्यासारखा ऐकू येतो.

मधली सून

आमच्याकडच्या सगळ्या बाल्कनीत टांगल्यात कबुतरांसाठी. कोणाला खरंच फरक पडलाय का? आमची कबुतरं त्यात तोंड बघतात.

बडोदेकरीण

आम्हाला वही होती, कव्हरं होती, सगळं होतं. २०१९ च्या जुलैअखेर विश्वामित्री घरात आली. तळमजला. खालच्या दोन फळ्या पाण्यात. कव्हरांचा लगदा, त्यावरची सासऱ्यांची निळी शाई शेजारच्या पांढऱ्या पडद्यावर उतरलेली. सीडी मात्र साध्या पाण्याने धुतल्या, स्वयंपाकघरात ताटांच्या स्टँडमध्ये निथळत ठेवल्या आणि वाजल्या. सगळ्या नाही, बऱ्याच. पण कुठली कुठली ते काही कळेना. मग रोज संध्याकाळी एक लावायची आणि सासूबाई सांगतील ते मी लिहायचं. त्या रागाचं नाव सांगायच्याच नाहीत. "ही दांडिया बाजारच्या घरी वाजायची ती", "ही तुझ्या नणंदेच्या वेळची". आमच्या फोल्डरांना अजून तीच नावं आहेत. 'नणंदेच्या वेळची' मध्ये ११ गाणी आहेत आणि फार सुंदर आहेत.

रामबागेतली

@बडोदेकरीण, ताटांचा स्टँड!! वाचवलंत. ही पद्धत मला जमेल.
@मधली सून, माझ्याकडे आता २१४ आहेत, थांबा जरा, टांगायची वेळ माझ्यावरही येईल.

लष्करवाला

ग्वाल्हेरचा माणूस म्हणून एक तक्रार नोंदवतो. बाबांनी एका मैफलीची कॅसेट सीडीवर घेतली. बडा ख्याल एक ट्रॅक, छोटा ख्याल दुसरा. सॉफ्टवेअर आपल्या मनानेच दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता घालतं, ती शून्य करावी लागते हे कोणाला ठाऊक? गवई तान घेऊन समेवर येतोय, येतोय, आणि सन्नाटा. दोन सेकंदांनी सम. बाबा ऐकताना त्या जागी दर वेळी हात वर धरून थांबायचे. इतकी सवय झाली की पुढे मूळ कॅसेट लावली तेव्हा बाबाच चुकले.

छप्पन दुकान

गीतरामायण, आजोबांच्या पंचाहत्तरीला पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. ५६ गाणी. मी हौसेने नंबर घातले १, २, ३ असे. प्लेअरच्या मते १ नंतर १०, मग ११, १९ नंतर २, असा हिशोब. रामजन्माचं गाणं सहावं, ते वाजलं ५६ व्याच्याही नंतर, सगळ्यात शेवटून चौथं. म्हणजे युद्ध झालं, अयोध्या झाली, आणि मग राम जन्मला. आजोबा म्हणाले, "पुनर्जन्म दिसतोय." तेव्हा ०१, ०२ असंच लिहा. शून्य विसरू नका.

आजीची नात

आमच्या आजीच्या अभंगांच्या सीडीला कॉम्प्युटरने नेटवरून आपोआप नावं आणली. जर्मन. कुठल्यातरी चर्चमधल्या समूहगानाची असावीत. तो डेटाबेस गाणं ऐकत नाही, ट्रॅकांची लांबी मोजून जुळवतो, असं भाऊ म्हणाला. बारा जर्मन भजनं आणि आमचे बारा अभंग सेकंदासेकंदाला सारखे असणार, दुसरं काय. मी ती नावं काढलीच नाहीत. तेराव्या सीडीला रशियन आली तेव्हा मात्र हात टेकले.

भुट्ट्याचा कीस

उस्ताद अमीर खाँ, आपल्या इंदूरचे! फोनने त्यांच्या मारव्यावर सिनेमातल्या आमिर खानचा फोटो चिकटवलाय. तीनदा काढला. परत येतो.

सराफा रात्री ११

म्हणून देवनागरीत लिही. रोमनमध्ये माझ्याकडे मालकंसाची तीन स्पेलिंगं, तीन फोल्डर, आणि हवा तो चौथ्याच ठिकाणी.

छप्पन दुकान

देवनागरी लिहिली की माझ्या गाडीचा स्टिरिओ नुसते चौकोन दाखवतो. चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह. मी आता चौकोन मोजून गाणं ओळखतो.

उसळपोहे

लेबलांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. गोल कागदी स्टिकर मिळायचे, प्रिंटरमधून काढून चिकटवायचे. मी बायकोसाठी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला केला, आमच्या फोटोसकट. जरा तिरका बसला. प्लेअरमध्ये सीडी मिक्सरसारखी घरघरायची. मग उन्हाळ्यात गाडीत स्टिकर सुटला आणि सीडी आतच अडकली. मेकॅनिकने चिमट्याने आधी मला बाहेर काढलं, मग बायकोला.

आणि रामबागेतली ताई, माझ्याकडे यूएसबीला लावायचा ड्राइव्ह पडून आहे, चालू आहे. सुदामा नगरला राहतो. घेऊन जा, घाई नाही.

मधली सून

उसळपोहे, मिक्सरवरून आठवलं, जेल रोडला मिक्सरचं भांडं बदलून देणारं कोणी आहे का अजून? रबर नाही, भांडं.

रामबागेतली

अपडेट. ड्राइव्ह आणला, शतशः आभार. पहिल्यांदा ८७ च लावली. आईच्या पर्समधून मागून घ्यावी लागली, "ओरखडा पाडशील" ऐकून.

एकच ट्रॅक, ४१ मिनिटं. कॅसेटवरून घेतलेली, सूं आवाज आहे. घरगुती बैठक. आधी कोणीतरी खोकतं, एक मूल पाणी मागतं (मी असेन!), मग पेटी आणि एक पुरुष नाट्यपद गातो. आवाज नानांचा नाही. अकराव्या मिनिटाला लांबलचक भोंगा होतो, गाणारा थांबतो, सगळे हसतात, कोणीतरी म्हणतं, "झाले तीन, चहा टाका." भोंगा संपला की तिथूनच पुढे उचलतो. तेव्हा आम्ही पाटनीपुऱ्यात भाड्याने राहत होतो.

सराफा रात्री ११

हुकुमचंद मिल! ती १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. म्हणजे रेकॉर्डिंग त्याआधीचं. वर्षाच्या रकान्यात 'भोंग्याच्या आधी' लिहा :)

भुट्ट्याचा कीस

पाटनीपुरा म्हणजे मालवा मिल जास्त जवळ. तिचा असेल. एवढ्यावरून साल लिहू नका.

सराफा रात्री ११

माझे आजोबा हुकुमचंदला होते. भोंगा मला पाठ आहे.

भुट्ट्याचा कीस

माझे मालवाला. शनिवारी पोह्यांवर बसून ऐकू, निकाल लावू.

आजीची नात

पण गातोय कोण?

रामबागेतली

तेच आईला विचारलं. हेडफोन लावून दिले तर काढून टाकले, "स्पीकरवर लाव." पूर्ण ४१ मिनिटं ऐकली, गवार निवडत. मग म्हणाली, "गाणारा नानांच्या ऑफिसातला कोणी होता, नाव नाही आठवत. पेटी मी वाजवतेय."

आमच्या घरात पेटी कधीच नव्हती. मी तरी पाहिली नाही. विचारलं तर म्हणे, "पाटनीपुऱ्याहून इकडे आलो तेव्हा विकली, रामबागेत जागा कुठे होती." आणि गवार घेऊन आत गेली. मी एक्केचाळीस मिनिटांची फाईल उघडून बसलेय आणि कलाकाराच्या रकान्यात काय लिहावं ते कळत नाहीये.

बिट रेट

आईंचं नाव लिहा. त्यात विचार कसला.

रामबागेतली

लिहिलं होतं. तिने वाचलं आणि म्हणाली पेटीवाल्याचं नाव कोण वर लिहितं, आधी गाणाऱ्याचं शोध. नानांच्या ऑफिसातल्या लोकांना फोन करायचा म्हणतेय आता. सगळे ऐंशीच्या पुढचे.

बडोदेकरीण

तोवर 'तीन वाजताची' म्हणून ठेवा.

लष्करवाला

एक ट्रॅकच राहू द्या, तोडू नका. माझ्या बाबांची शपथ.

रामबागेतली

@बडोदेकरीण, ठेवलं. @उसळपोहे, ड्राइव्ह शनिवारी आणून देणार होते पण २१३ राहिल्यात.

उसळपोहे

ठेवा हो. शनिवारी पोह्यांना या मात्र, भोंगा पेनड्राइव्हवर घेऊन. ०१ लिहून.

मधली सून

मिक्सरच्या भांड्याचं कोणी सांगितलंच नाही.