संध्याकाळचा हरिपाठ आणि नेमकी त्याच वेळी येणारी माणसं

सांजवात: नमस्कार मंडळी. आमच्याकडे रोज सात वाजता हरिपाठ असतो, सासरे होते तेव्हापासूनची पद्धत, आता मी आणि मुलं म्हणतो. अर्धा तास पुरतो पण तो सलग मिळेल तर शपथ. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज, सोसायटीतलं कुणीतरी बेल वाजवतं, शेजारच्या आजी एकट्याच असतात त्या नेमक्या तेव्हाच येऊन बसतात. मोबाईल बंद ठेवता येतो हो, पण माणसाला कसं सांगायचं आत्ता येऊ नका म्हणून? दारात आलेल्यात देव बघायचा असं आपणच म्हणतो ना. तुम्ही काय करता?

चंद्रभागा: ताई, पुंडलिकाकडे बघा. साक्षात पांडुरंग दारात आला तरी आईबापाची सेवा सोडून तो उठला नाही, वीट भिरकावली आणि म्हणाला उभा राहा जरा. देव काही रागावून गेला नाही, अजून उभाच आहे! मग ऑफिसचा मेसेज अर्धा तास थांबला तर काय बिघडतं, मी साहेबांना सरळ सांगून ठेवलंय सात ते साडेसात फोन लागणार नाही, आधी कुरकुर झाली आता कोणी करतच नाही. सावता महाराजही अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला.

माळकरी: माउली, पुंडलिकाचं खरंय पण वीट प्रत्येकाला द्यायची नसते. नाथ महाराज काशीची गंगा कावडीनं रामेश्वराला नेत होते, एवढं लांबून पायी आणलेलं पाणी, आणि वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं तर तिथंच त्याला पाजलं. सोबतचे हळहळले, नाथांना रामेश्वर तिथंच पावला. म्हणून मी आलेल्याची नड बघतो. मेंटेनन्सच्या पावतीवाला थांबू शकतो, पण कुणाच्या पोराला ताप भरलाय तर टाळ खाली ठेवून उठायचं, उरलेले अभंग निजायच्या आधी म्हणायचे. आजींना सोबत हवी असेल, त्यांच्याच हातात टाळ द्या.

सांजवात: दादा, आजींना विचारलं, निम्मे अभंग पाठ आहेत त्यांना! साडेसातला त्यांचं जेवण आणि त्याआधी इन्सुलिन असतं म्हणून आता पावणेसातलाच बसतोय. ऑफिसचं मात्र अवघड आहे, क्लायंट अमेरिकेतला, त्यांची सकाळ म्हणजे आमची दिवेलागण. अशा शिफ्टमध्ये कुणी नेम सांभाळतंय का?