जो बरो: ओहायो स्टेटला बाकावर, एलएसयूला एकदम ६० टचडाऊन?

कृष्णाकाठ_सांगली: भाच्यामुळं अमेरिकन फुटबॉलचा नाद लागलाय. हा जो बरो, क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, आधी ओहायो स्टेट कॉलेजात बाकावरच बसून होता म्हणं, मग एलएसयूकडनं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०१९ ला ६० टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, कसे काय मारले? आपल्याकडं तालमीतल्या पोराला दोन वर्षं कुस्ती मिळाली नाही की घरचे नोकरी बघ म्हणून मागं लागतात, म्हणून लई कौतुक वाटतंय.

मिरज_जंक्शन: दादा, एकदम नाही झालं. ओहायो स्टेटला त्यानं तीन वर्षांत डिग्री घेतली म्हणून २०१८ ला कॉलेज बदलून लगेच खेळता आलं, नाहीतर तेव्हा एक वर्ष बाहेर बसायला लागायचं. एलएसयूच्या पहिल्या सीझनला १६च टचडाऊन! मग सेंट्स या व्यावसायिक टीमकडनं जो ब्रेडी कोच आला, पासिंगची सगळी पद्धतच बदलली आणि गडी सुटला, पासवर ५,६७१ यार्ड, हाइसमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), १५ पैकी १५ मॅच जिंकल्या.

सातारी_बाणा: ओक्लाहोमा कॉलेजाबरची सेमीफायनल बघा, पहिल्या हाफमधीच ७ टचडाऊन पास, त्यातले ४ एकट्या जस्टिन जेफरसनला. जामार चेसपण त्याच टीममधी, पास झेलणाऱ्या रिसिव्हरना श्रेय द्याच.

कृष्णाकाठ_सांगली: म्हणजे २०२० ला बेंगल्स या व्यावसायिक टीमनं ड्राफ्टमधी (कॉलेजातली पोरं निवडतात तिथं) पहिला उचलला तो उगंच नाही.

मिरज_जंक्शन: आणि पुढच्याच वर्षी चेसलापण घेतला की!