आठकोनी तोफखड्डे: तोफ कोणती, आणि साफसफाई कुठून सुरू करावी?

बांधावरून:
इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये शेताच्या कडेला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांचे चार आठकोनी काँक्रीट खड्डे आहेत. तळाला बोल्टांचं कडं, भिंतींना आतून कप्पे. तोफ कोणती असेल? भिंतींवर आयव्हीची वेल माजलीय, आत वीतभर पाणी आहे. मालकाची सफाईला हरकत नाही.

तोफगाडा:
ते कडं म्हणजे होल्डफास्ट. तोफ तिथं कायमची बसवलेली होती. ३.७ इंची (९४ मिमी) फिरती तोफ स्वतःच्या पायांवर उभी राहायची, तिला बोल्ट लागत नसत. मात्र नुसतं कडं पाहून ३.७ की ४.५ इंची हे ठरवू नका, स्थिर तोफा दोन्ही मापांच्या होत्या. बोल्टांची संख्या आणि कड्याचा व्यास मोजून टाका इथे. कप्पे हाताशी ठेवायच्या गोळ्यांचे: ३.७ चा गोळा सुमारे १२.७ किलोचा, ४.५ चा जवळपास दुप्पट. चारही खड्डे कमानीत असतील तर कमांड पोस्ट (तोफांना हुकूम देणारी खोली) जवळच सापडेल. प्रेडिक्टर (विमान पुढे कुठे असेल ते काढून नेम सांगणारं यंत्र) आणि उंची मोजायचं यंत्र तिथंच असायचं.
ईस्ट टिलबरीजवळ बोवॉटर्स फार्म बघून या. १९४० चे चार आठकोनी खड्डे आणि १९४४ मध्ये ५.२५ इंची तोफांसाठी केलेले चार, एकाच जागी.

गिलावा:
आधी पाणी. मूळ निचऱ्याचं तोंड गाळाने बुजलेलं असतं, ते हाताने मोकळं करा. यंत्राने उकरलंत तर पुरावाही जाईल. काँक्रीट फुटतं ते आतली सळई गंजून फुगते म्हणून. वरून सिमेंट थापलं तर गंज आत चालूच राहतो आणि थर पुन्हा निघतो. सळईच्या मागपर्यंत खोदून, ती चकचकीत घासून, गंजरोधक लावून मगच भरायचं.
आयव्ही हिरवी असताना ओढू नका, पृष्ठभाग सोबत येतो. जमिनीलगत खोड तोडा, अर्ध्या फुटाचा तुकडा काढून टाका, वेल वाळू द्या. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा हात लावू नका. वटवाघळं असतील तर कामच थांबवा.

तोफगाडा:
आणि जागा संरक्षित यादीत आहे का ते पाहा. असेल तर प्राचीन वास्तूंच्या १९७९ च्या कायद्याप्रमाणे लेखी परवानगी लागते. मालकाचा होकार पुरत नाही. अशा जागी मेटल डिटेक्टर तर विनापरवाना गुन्हाच.

बांधावरून:
थोडं पुढे दोन जोडमनोरे आहेत, मधे हातभर फट. खचलेत का?

तोफगाडा:
नाही, ती मुद्दाम ठेवलेली. एकावर बोफोर्स ही हलकी विमानविरोधी तोफ, दुसऱ्यावर प्रेडिक्टर. तोफेचा हादरा यंत्राला लागू नये म्हणून. फट बुजवू नका.