पाळक-वडिलांच्या बोलण्यानं माणसाला उभारी कशी मिळेल?

खडकीकर:
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नवी पास्टोरेट कमिटी, म्हणजे पाळकांबरोबर मंडळीचं काम पाहणाऱ्या वडीलजनांची समिती, आली आहे. उपासनेनंतर आम्ही सगळ्यांना "छान झालं, देव आशीर्वाद देवो" म्हणतो, पण ते कुणाच्या मनाला लागत नाही. उत्तेजन द्यायचं तर नेमकं बोलावं कसं? आजारी किंवा शोकात असलेल्यांशी काय बोलावं? आणि चूक दाखवायची वेळ आली तर?

शब्बाथशाळा_शिक्षिका:
"छान" म्हटल्यावर काय छान झालं ते कळत नाही, म्हणून ते विरून जातं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 9:27 उघडा. शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, म्हणून यरुशलेमेत सगळे शिष्य त्याला घाबरत होते. बर्णबा नावाचा शिष्य त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि "माणूस चांगला आहे" एवढ्यावर थांबला नाही. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या: वाटेत शौलाला प्रभू दिसला, प्रभू त्याच्याशी बोलला, आणि दिमिष्कात (दमास्कसमध्ये) शौल येशूच्या नावानं धैर्यानं बोलला.

तसंच करा. नाव घ्या, काय केलं ते सांगा, त्यानं काय झालं ते सांगा. "दुसऱ्या कडव्याला लोक मागे पडले तरी तू पेटीची लय सोडली नाहीस, म्हणून सगळे पुन्हा एकत्र आले." दोन वाक्यं पुरतात, पण त्याच दिवशी आणि समोरासमोर.

गाणारे, बोलणारे सगळ्यांना दिसतात. प्रभुभोजनाचे छोटे पेले धुणारे, माईकच्या वायरी गुंडाळणारे राहून जातात. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात पौल वीसहून जास्त माणसांची नावं घेतो आणि कित्येकांचं कामही सांगतो. एक वही ठेवा, दर आठवड्याला तीन नावं लिहा, म्हणजे तीच तीच माणसं येणार नाहीत. मुलांना मात्र "तुझ्यासारखं कुणी नाही" म्हणू नका. शेजारी बसलेलं पोर हिरमुसतं.

भेटसेवा_पुणे:
1 थेस्सलनीकाकरांस 5:14 मध्ये अल्पधीरांना धीर, अशक्तांना आधार असं वेगवेगळं सांगितलंय. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटं पुरेत. उभ्यानं बोलू नका, खुर्ची ओढून बसा. "प्रार्थना करू का?" असं आधी विचारा. प्रार्थना मिनिटभराची असावी, वाचायला 23वं स्तोत्र घ्यावं, सहाच वचनं आहेत. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस-रात्र गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलू लागल्यावर बिघडलं. "देवाची इच्छा होती", "विश्वास कमी पडला" ही वाक्यं शोकाच्या घरात कृपा करून बोलू नका. आईवडिलांच्या काळजात ती वर्षानुवर्षं रुतून बसतात.

"काही लागलं तर सांगा" म्हटलं तर कुणी सांगत नाही. "बुधवारी ससूनला डबा मी आणतो" म्हणा आणि आणा. पुलपिटवरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) नाव घेण्याआधी घरच्यांची परवानगी हवी. आजाराचं नाव नकोच. दफनविधीनंतर तिसऱ्या आठवड्यात पाहुणे पांगलेले असतात, तेव्हा जा. पहिला नाताळ आणि वर्षाचा दिवस मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

घोरपडीचा_वडील:
चुकीबद्दल सांगतो. मत्तय 18:15 प्रमाणे एकांतात बोलायचं, व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. आधी "काय अडचण आली?" विचारा. मग एकच मुद्दा, पुढच्या वेळी काय करायचं ते, आणि पुन्हा कधी भेटायचं तो दिवस.

"तू मेहनती आहेस, पण…" इथं सगळं फसतं. पुढच्या वेळी कौतुक केलं तरी माणूस त्या "पण"ची वाट बघत बसतो. प्रकटीकरणाच्या 2ऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आधी श्रम आणि धीर यांची नोंद आहे, मग दोष, हे खरं. पण तिथली स्तुती खरी आणि नेमकी आहे, दोष गिळवण्यासाठी लावलेली साखर नाही. तेवढं नेमकं सांगण्यासारखं त्या क्षणी काही नसेल, तर सरळ मुद्द्यावर या. कौतुक दुसऱ्या दिवशी, वेगळं.

खडकीकर:
वही या रविवारपासून. वचनांची चित्रं रोज सकाळी पाठवतो, ती चालू ठेवावीत का?

भेटसेवा_पुणे:
ग्रुपवर चालतील. एखाद्याला धीर द्यायचा असेल तर वचन स्वतः टाइप करा आणि खाली एक ओळ लिहा: उद्या तुझी मुलाखत आहे म्हणून हे पाठवलं.