टूसॉनजवळचं पांढरं चर्च, एक मनोरा बोडका का?

रखरखाट: परवा अमेरिकेतल्या ॲरिझोनात फिनिक्सहून टूसॉनला गेलो होतो, तिथून थोडं पुढे सॅन झेवियर देल बाक म्हणून जुनं स्पॅनिश मिशन आहे, आजूबाजूला नुसतं वाळवंट आणि मधेच हे पांढरंशुभ्र. पण डाव्या मनोऱ्यावर घुमट आहे आणि उजवा तसाच बोडका! तिथे एकजण म्हणाला काम पूर्ण झालं की टॅक्स बसायचा म्हणून मुद्दाम अर्धवट ठेवलं. खरंय का? आणि आतला एवढा संगमरवर त्या काळी आणला कुठून?

बखरबहाद्दर: टॅक्सवाली गोष्ट गाइड लोकांची लाडकी आहे, कागदोपत्री काही सापडत नाही. पैसे संपले असतील हेच पटतं. किनो नावाचा जेसुइट पंथाचा ख्रिस्ती पाद्री १६९२ ला इथे आला पण हे चर्च त्याचं नव्हे, १७६७ ला स्पेनच्या राजाने जेसुइटांना हाकललं, मग फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आले आणि त्यांनी १७८३ ते १७९७ मधे हे बांधलं, तेही ७००० पेसो उसने घेऊन. राबले मात्र तिथले ओ'ओधाम लोक, ते कुणी सांगत नाही. आणि संगमरवर कसला, चुन्यावर रंग मारलाय राव! वेदीमागची ती सोनेरी नक्षीसुद्धा आतून भाजक्या विटाच.
अवांतर: हा झेवियर म्हणजे जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलंय तोच.

चुनावाला: मी सिव्हिलवाला म्हणून माझी आवड वेगळी :) मधल्या काळात डागडुजीला सिमेंट वापरलं, पाणी आत अडकलं आणि जुन्या विटा भुसभुशीत व्हायला लागल्या. मग ते सगळं खरवडून परत चुन्याचा गिलावा केला, त्यात निवडुंगाचा चिकट रस घालून. निवडुंग कुठला, तर आपला फड्या! आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे तसंच की. आमच्या गावच्या वाड्याला कंत्राटदाराने सिमेंट थापलं, दोन पावसाळ्यांत भिंतीला पोपडे, आता हात लावला तरी माती हातात येते.

रखरखाट: धन्यवाद मंडळी, म्हणजे मी रंगालाच संगमरवर समजून फोटो काढत बसलो होतो. एक राहिलंच, दर्शनी भागावर वर एका बाजूला मांजर आणि समोर उंदीर आहे, मांजराने उंदीर पकडला की जग बुडणार म्हणे. मी बघितलं तेव्हा मधे बरंच अंतर होतं.