अहिराणी गाण्याच्या डान्स मिक्समध्ये किक आणि बेस एकमेकांवर चढतात : साइडचेन कसे लावावे?

अमळनेरकर
नमस्कार मंडळी. लग्नसराईसाठी अहिराणी गाण्यांचे डान्स मिक्स मी एफएल स्टुडिओ या संगीत-निर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. सध्या हातात असलेले गाणे १२८ बीपीएमचे (मिनिटाला १२८ ठोके) असून त्यात चारही मात्रांवर किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, आहे. हेडफोनवर सगळे जागच्या जागी ऐकू येते. मात्र तेच गाणे वरातीत डीजेच्या गाडीवर वाजले की किक बोथट होते आणि बेसचा नुसता घुमारा उरतो. किक वाढवावी तर मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) कमाल पातळी रोखणारा लिमिटर सगळ्या गाण्याचा गळा आवळतो. म्हणून किकवरून बेसला साइडचेन कम्प्रेशन दिले, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबेल अशी जोडणी केली : अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) शून्य, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ४०० मिलिसेकंद, आणि मीटरवर साधारण १२ डेसिबलची घट दिसते. किक मोकळी झाली खरी, परंतु बेस जवळजवळ नाहीसा झाला आणि प्रत्येक ठोक्याच्या आरंभी बारीकशी टिकटिक ऐकू येऊ लागली. रिलीज आणि दाब यांचा काही हिशेब असतो, की सगळे कानावरच सोडायचे?

धुळ्याचा मिक्सिंगवाला
भाऊ, हिशेब आहे आणि तो सोपा आहे. ६०,००० ला बीपीएमने भागले की दोन ठोक्यांमधले अंतर मिलिसेकंदांत मिळते. १२८ ला ते सुमारे ४६९ येते. मात्र रिलीजची वेळ किक वाजल्या क्षणापासून मोजली जात नाही. किकची पातळी थ्रेशोल्डखाली, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेखाली, उतरल्यावरच कम्प्रेसर पकड सैल करू लागतो. आपल्याकडच्या मिक्समध्ये किकला लांब शेपूट (ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज) ठेवण्याची भारी हौस. ते शेपूट २०० मिलिसेकंद चालले आणि त्यापुढे आपले ४०० धरले, तर बेस पुरता वर येण्याआधीच पुढची किक त्याला पुन्हा दाबते. आपला बेस तिथेच हरवतो आहे. रिलीज १२० ते १८० च्या दरम्यान आणा, फक्त किक आणि बेस लूपवर ठेवा, आणि बेस ठोक्यामागे रेंगाळतो असे वाटेपर्यंत रिलीज वाढवून मग थोडा मागे घ्या.

टिकटिक अटॅकमुळे येते. ५० हर्ट्झच्या सुराचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्याच्या मधोमध पातळी एका झटक्यात खाली ओढली की लहरीचा आकारच मोडतो आणि तो मोड कानाला टिकटिक म्हणून जाणवतो. अटॅक २ ते ५ मिलिसेकंद ठेवून पाहा. दाबाबद्दल माझे मत असे की किकला जागा करून देणे एवढाच हेतू असेल तर ३ ते ६ डेसिबल पुष्कळ झाले. १० च्या पुढची घट पॅड (मागे सलग चालणारे सूर) आणि सिंथला, तीही मुद्दाम पंपिंग, म्हणजे ठोक्यागणिक आवाज खाली-वर होणे, ऐकवायचे असेल तेव्हाच शोभते.

याहून नेमके काम हवे असेल तर घोस्ट किक वापरा. अगदी आखूड आवाजाची एक वेगळी किक निराळ्या मिक्सर ट्रॅकवर घ्या आणि तिची मास्टरकडे जाणारी जोडणी बंद करा, म्हणजे ती ऐकू येणार नाही, फक्त बेसला दाबेल. मग तो ट्रॅक निवडलेला ठेवून बेसच्या ट्रॅकखालील बाणावर राइट क्लिक करा, ‘साइडचेन टू धिस ट्रॅक’ निवडा, आणि बेसवरच्या फ्रूटी लिमिटरच्या कॉम्प भागात साइडचेनचा आकडा लावा. मग ऐकू येणाऱ्या किकचे शेपूट कितीही लांब असले तरी दाबाची वेळ आपल्या हातात राहते, आणि मधल्या शांत भागात किक थांबली तरी पंपिंग चालू ठेवता येते.

जळगाव_स्टुडिओ
वरील हिशेब बरोबर आहे. तरीही कम्प्रेसरला हात लावण्याआधी दोन्ही आवाज कोणत्या सुरावर बसले आहेत हे पाहावे, असे मी म्हणेन. किकचा मुख्य सूर ५५ हर्ट्झवर असेल आणि बेसची चालही तिथेच घोटाळत असेल, तर साइडचेनने टक्कर कमी होते, पण पुरती मिटत नाही. किक दोन-तीन सुरांनी खालीवर करून बघणे हा फुकटचा उपाय आहे.

दुसरे असे की संपूर्ण बेस दाबण्याची गरजच नसते. बेसचे दोन ट्रॅक करून १२० हर्ट्झच्या खालचा भाग एकाकडे आणि वरचा भाग दुसऱ्याकडे द्यावा, आणि साइडचेन फक्त खालच्या भागावर लावावे. वरचा भाग अखंड राहिल्यामुळे मोबाइलवर ऐकणाऱ्यालाही बेसची चाल सलग कळते. खालच्या भागावर स्टिरिओ रुंद करणारा कोणताही इफेक्ट असेल तर तो काढून टाका, कारण गाडीवरचे सबवूफर बहुधा मोनोत चालतात आणि तिथे डावी-उजवी बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. हेडफोनवर हे कळत नाही. आणि डीजेवाला बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवूनच ठेवतो, हे गृहीत धरून मिक्स करावे!

अमळनेरकर
मनःपूर्वक आभार. रिलीज १५० आणि अटॅक ३ केल्यावर टिकटिक गेली आणि बेस परत आला; दोन ट्रॅक आज रात्री करतो. आणखी एक विचारतो : पुढचे गाणे ढोल-पावरीच्या (पावरी म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य) चालीवरचे आहे आणि त्यात किक प्रत्येक मात्रेवर नाही. तिथेही हाच हिशेब चालेल का?

शहाद्याहून
दादा, तिथे तो तसाच्या तसा चालणार नाही. समजा चाल ११० बीपीएमची आहे आणि मात्रेचे तीन भाग पडतात. मात्रा ५४५ मिलिसेकंदांची, एक भाग १८२ चा. ठोके पहिल्या आणि तिसऱ्या भागावर असतील तर एक अंतर ३६४ आणि दुसरे १८२ होते. दाबाचा काळ आणि रिलीज मिळून सर्वांत लहान अंतरात बसले पाहिजेत, अन्यथा जवळजवळचे दोन ठोके मिळून बेसचा एकच मोठा खड्डा पडतो. टेम्पोशी बांधलेली आवाज-आकार देणारी प्लगिन्स मूळच्या सेटिंगवर दर मात्रेला तोच आकार उमटवतात, त्यामुळे ठोका नसेल तिथेही बेस खाली जातो.

रेकॉर्ड केलेल्या ढोलावरून थेट साइडचेन घेऊ नका. वाजवणाऱ्याचा हात प्रत्येक ठोक्याला कमी-जास्त पडतो, म्हणून घटही कमी-जास्त होते. शिवाय काठीच्या बारीक ठोक्यांवरही कम्प्रेसर विनाकारण दबतो. ढोलाच्या भारी बाजूचे ठोके तेवढे निवडून त्यांच्या जागी घोस्ट किक हाताने मांडावी, आणि ती सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (समान अंतराच्या रेघांवर) न बसवता वाजवणाऱ्याच्या ठोक्याशी जुळवावी. पावरीला मात्र साइडचेन देऊ नका : किकच्या पट्ट्यात तिचा आवाज पोहोचतच नाही, आणि सलग चालणारा तिचा सूर ठोक्यागणिक दबला तर वाजवणाऱ्याचा दम तुटतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटते.